परत एकदा म्हणा

आमचे वडील गेले तेव्हा आई त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "चष्मा तरी घालून जा. तिकडे कोणाला ओळखाल तुम्ही?" पहूरच्या त्या ओसरीत जो तो हमसून रडायला लागला. कोरड्या डोळ्यांचा एकच माणूस होता, विलासदाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते भिंतीला टेकून उभे होते. मान जरा तिरपी होती आणि ओठ हलत होते. आईचं वाक्य ते स्वतःशी घोळवून बघत होते. मग ते वाकले आणि अगदी मऊ आवाजात आईला म्हणाले, "काय म्हणालात? परत एकदा म्हणा ना."

आईने परत म्हटलं. तिला वाटलं, जावयाला ऐकू आलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते वाक्य मी जळगावच्या नाट्यगृहात ऐकलं. एका बाईने ते रंगमंचावर म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेली आई टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत राहिली. तिने मला विचारलं, "हे लोक कशाला हसताहेत?" ते हसत नव्हते, त्यांना आवडलं होतं. पण आईला ते समजावून सांगावं असं मला वाटलं नाही.

मला या माणसाची किळस आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोड शेवटाची वाट बघत कोणी बसायला नको.

दाजी पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. उंच, सडपातळ, केस मानेवर रुळणारे. आवाज असा, की भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला तरी राजाने दरबारात जाब विचारावा तसं वाटायचं. लग्नात हा आवाज ऐकूनच आम्ही सगळे खूश झालो होतो. अक्का, म्हणजे माझी बहीण उषा, तेव्हा मला म्हणाली होती, की हा माणूस माझं नाव घेतो तेव्हा मला ते नवीन वाटतं. बिचारीला काय ठाऊक, की पुढे तिचं सगळंच तो घेणार आहे.

त्यांचं स्वप्न एकच होतं. मुंबई-पुण्याच्या लोकांनी नाटक बघायला तिकीट काढून जळगावला उतरायचं. "केळी पिकतात तिथे नाटक का पिकणार नाही?" हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वप्न वाईट नव्हतं, आणि माणसाला कसब नव्हतं असंही मी म्हणणार नाही. रफिक नावाचा फर्निचर बनवणारा एक जण त्यांच्या नाटकांचे सेट उभे करायचा. तो बोलताना अडखळायचा, म्हणून चारचौघांत तोंडच उघडायचा नाही. दाजींनी त्याला उभं केलं, महिनाभर रोज संध्याकाळी घरी बोलावून त्याच्याकडून एक लांबलचक भाषण बसवून घेतलं, आणि रफिक ते प्रयोगात एका दमात बोलला. त्याची आई विंगेत उभी राहून पदराने तोंड झाकून रडत होती. तेवढ्या एका संध्याकाळी मला दाजींच्या पाया पडावंसं वाटलं होतं. हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाला कोणी खोटा म्हणेल.

पण त्याच रफिकची आई कशी रडली, पदर कुठल्या हाताने धरला, हे पुढच्या नाटकात जसंच्या तसं आलं. "खोटं आणलंत की प्रेक्षकाला वास येतो," दाजी म्हणायचे. खरं आणायला त्यांना लांब जावं लागायचं नाही. घर होतंच. एकदा अक्का चिडून म्हणाली होती, "या घरात मी फक्त दिवे मालवायला आहे." त्यावर दोन अंकी नाटक झालं. त्यातल्या बायकोचं नावही उषाच ठेवलं होतं. बदल म्हणून आडनाव तेवढं दुसरं.

त्यानंतर अक्का त्यांच्यासमोर बोलायचीच बंद झाली. मीठ द्या, दार लावा, वीज गेली, एवढंच बोलायची. तिची मुलगी मृण्मयी मोठी होत होती, तिला आईशी भांडायचं असायचं, रडायचं असायचं. तर या दोघी मायलेकी स्वयंपाकघरात जाऊन आधी मिक्सर चालू करायच्या आणि मग बोलायच्या. भांड्यात काही असो वा नसो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. ओट्यावर रिकामा मिक्सर घरघरतोय आणि त्याच्या आडोशाला मृण्मयी दहावीचे मार्क कमी पडले म्हणून आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतेय. बाहेरच्या खोलीतून दाजी ओरडून विचारत होते, "काय वाटताय एवढं?" पुढे मृण्मयी पुण्याला नोकरीला गेली आणि सुट्टीलाही येईनाशी झाली. मिक्सर तेवढा जुना झाला.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती कानबाईची आहे.

दाजींचं घर मूळचं नरडाण्याजवळच्या खेड्यातलं. तिथे त्यांची आई, जिला सगळं गाव माय म्हणतं, आणि थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, शेती बघत राहायचे. श्रावणात आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळालाच देवी करायचं, नथ-डोळे लावायचे, शालू नेसवायचा, रात्र जागवायची आणि दुसऱ्या दिवशी नदीवर न्यायचं. त्या दिवसाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भावाभावांत खातात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदांच्या बाहेर कोणाला देत नाहीत. सख्ख्या मेहुणीलाही नाही. त्यामुळे कोणाला रोटाला न बोलावणं म्हणजे तू आमचा भाऊ नाहीस, असं तोंडावर सांगणं. काही घरांत दरवर्षी नवा नारळ घेतात. यांच्याकडे मायच्या सासूच्याही आधीपासूनचा एकच नारळ होता, काळाभोर, चांदीचे डोळे बसवलेला. नदीवरून तो दरवर्षी घरी परत यायचा.

आबांनी धाकट्या भावाला कित्येक वर्षं रोटाला बोलावलं नव्हतं. कारण पुन्हा नाटकच. एका नाटकात दाजींनी विहिरीच्या वाटणीत भावाला फसवणारा थोरला भाऊ दाखवला होता. आबांची चाल किंचित लंगडी, तर नाटकातला भाऊही लंगडत होता. नरडाणा स्टेशनवरच्या चहावाल्याने आबांना हसत विचारलं, की तुमच्यावर नाटक आलं म्हणे. आबांनी त्या दिवशी चहा तसाच ठेवला आणि भावाचं दार बंद केलं.

ते दार उघडलं अक्काने. मायचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ही गावी जाऊन राहिली. मायचं सगळं अंथरुणात केलं, आबांच्या घरात मोलकरणीसारखी राबली, आणि कोणाला एक शब्द म्हणून बोलली नाही. माय काठी घेऊन चालू लागली. पुढच्या श्रावणाआधी आबा स्वतः म्हणाले, की यंदा कानबाई जळगावला उषाच्या घरी बसू दे आणि वर्षभर तिच्याकडेच राहू दे. अक्काने लगेच मला फोन केला. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर पहिल्यांदा ती त्या घरची सून झाली होती. मी शिकवते त्या शाळेत मी आनंदाने पेढे वाटले. लोकांनी विचारलं कशाचे, तर काय सांगावं ते मला कळेना.

त्या वर्षी सगळे भाऊबंद जळगावला आले. दाजींनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. आबाही रडले. मी दारातून बघत होते. दाजी उठले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते का, हे मला नीट दिसलं नाही. दिसलं असतं तर पुढचं थांबवता आलं असतं, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी कानबाई उठली, नदीवर जाऊन आली. नारळ लाल कापडात गुंडाळून अक्काने स्टीलच्या डब्यात ठेवला, डबा देवघरात ठेवला आणि रोज त्यापुढे दिवा लावू लागली. दाजींनी नवीन नाटक लिहायला घेतलं. नाव 'रोट'. दोन भावांच्या प्रेमाचं नाटक आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नाट्यस्पर्धेची पहिली फेरी धुळ्यात होती, म्हणून त्यांनी आबांना आग्रहाने बोलावलं. आबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण अक्का म्हणाली, चला आबा, मी आहे ना. तिच्या शब्दावर ते आले.

मी धुळ्यात राहते. त्या दिवशी आबा, त्यांची बायको आणि माय जीपने आधी माझ्याकडे उतरले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. माय जन्मात नाटकाला गेली नव्हती. तिने विचारलं, तिथे चपला काढायच्या का.

पडदा वर गेला तर रंगमंचावर कानबाई बसलेली. चौरंग, केळीचे खांब, समया, शालू, सगळं जिथल्या तिथे. नाट्यगृहातल्या कितीतरी बायकांनी नकळत हात जोडले. मायनेही जोडले. मग ती पुढे झुकली, डोळे बारीक करून बघू लागली आणि शेजारी बसलेल्या अक्काचा हात धरून म्हणाली, "उषा, हाई ते आपली कानबाई शे."

अक्का म्हणाली, "नाही माय, नाटकातली आहे. आपली घरी डब्यात आहे."

माय म्हणाली, "नथ देख."

अक्काने नथ बघितली आणि तिचा हात माझ्या मनगटावर आला. इतका थंड हात मी आजारी माणसाचाही धरलेला नाही.

नाटकात थोरला भाऊ दाजीच होते. आबांसारखी टोपी, आबांसारखी लंगडी चाल. शेवटच्या प्रवेशात धाकटा भाऊ रोटाचा वाटा मागायला येतो आणि थोरला रागाने वेडा होऊन चौरंगावरची कानबाई उचलून जमिनीवर आपटतो. दाजींनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. मला वाटलं, इथे अंधार होईल, काहीतरी युक्ती असेल. नव्हती. नारळ फुटला. त्यातून पाणी आलं नाही. कोरडा, करडा भुगा उडाला आणि प्रकाशाच्या झोतात हळूहळू खाली बसला. पिढ्यान्‌पिढ्यांचा नारळ होता, त्यात पाणी कुठून असणार?

नाट्यगृहात टाळ्या सुरू झाल्या.

आबा उठले. जाताना अक्कासमोर थांबून, रंगमंचाकडे बोट करून एवढंच म्हणाले, "तिले संभाळता संभाळता जनम गया मना. आनि तठे मीच फोडी?" मग मायला धरून ते बाहेर गेले. अक्का त्यांच्या मागे गेली नाही. ती रंगमंचाकडे गेली.

मी तिच्या मागून आत गेले तेव्हा पडद्याआड मंडळी एकमेकांना मिठ्या मारत होती. अक्का गुडघ्यांवर बसून नारळाचे तुकडे पदरात गोळा करत होती. रफिक कोपऱ्यात उभा होता. त्याने मला सांगितलं, की दाजींनी बाजारातले नारळ हळद लावून बघितले, धुराने काळे करून बघितले, पण मन भरलं नाही. शेवटी घरून हा आणला. रफिकने विचारलं होतं, सर, हा खरा आहे का. दाजी हो म्हणाले. तेव्हा रफिक अडखळत म्हणाला होता, "सर, घ-घर की चीज है, रहने दो." दाजी त्याच्यावर हसले होते. आणि डब्यातल्या लाल कापडात त्यांनी दुसरा नारळ गुंडाळून ठेवला होता. अक्का कितीतरी दिवस त्या बाजारच्या नारळापुढे दिवा लावत होती.

दाजी घामाने निथळत अक्काजवळ आले. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. ते म्हणाले, "उषा, भुगा बघितलास? नव्या नारळातून आला असता का तो?"

अक्काने वर पाहिलं. तिच्या तोंडून काहीतरी निघेल म्हणून दाजींची मान तिरपी झाली. ती पदर खोचून उठली आणि माझ्याबरोबर चालू लागली. माझ्या तोंडात मात्र त्या क्षणी फार घाण शब्द होते. ते मी गिळले, कारण तेही त्यांनी वापरले असते.

दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मिळालं. बाहेरगावचे एक परीक्षक भाषणात म्हणाले, की नारळातून पाण्याऐवजी भुगा काढण्याची कल्पना विलक्षण आहे, घराण्यांचा पोकळपणा यापेक्षा चांगला दाखवता येणार नाही. दाजींनी ते भाषण फोनवर रेकॉर्ड केलं होतं. येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. कल्पना केव्हा सुचली असं कोणी विचारलं तर डोळे मिटून म्हणायचे, "आतून आली."

नाटक अंतिम फेरीला गेलं. तिथे नवा नारळ फोडला तर पाणी उडून पुढच्या रांगेवर पडेल आणि लोक हसतील, ही दाजींना काळजी लागली. त्यांनी काय करावं? अक्काने जळगावला नेऊन देवघरात ठेवलेले तुकडे त्यांनी तिच्याकडे मागितले. गोंदाने चिकटवू, आत राख भरू, एका प्रयोगाचा तर प्रश्न आहे, असं ते म्हणाले. अक्काने तुकडे डब्यात भरले, दोन लुगडी पिशवीत घातली आणि बस धरून धुळ्याला माझ्याकडे आली. ती गेली हे दाजींच्या कधी लक्षात आलं, मला माहीत नाही. अंतिम फेरीत पाणी उडालंच, आणि लोक हसलेच. मला आनंद झाला. तो लपवण्यात काही अर्थ नाही.

अक्का माझ्याकडे राहू लागली, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. नवऱ्याला सोडून आल्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. आबांच्या घरात मोठ्या कष्टाने मिळालेली जागा तिच्या शब्दामुळे गेली, हे तिला खात होतं. "मी आहे ना, असं मी म्हणाले होते," हे ती पोळ्या लाटतानाही म्हणायची. श्रावण आला. आबांकडून निरोप आला नाही. ती म्हणाली, "मी जाते. दाराबाहेर उभी राहीन, पण तुकडे देऊन येईन." तिला एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर गहू मोजणं चालू होतं. भाऊबंदांतल्या बायका सूप घेऊन बसल्या होत्या आणि माय मध्यभागी. तिनेच मुठी टाकायच्या, तो तिचा मान. अक्का पायरीखाली उभी राहिली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिने डबा पायरीवर ठेवला. कोणी तो उचलला नाही.

माय एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकत होती. आबांची टाकली. आबांच्या मुलांची टाकली, नातवांची टाकली. नंतर विलासची पाळी होती. मायची मूठ गव्हात गेली आणि तिथेच राहिली. स्वतःच्या पोटच्या पोराचं नाव तिने घेतलं नाही. जो गेला त्याचीच मूठ आमच्याकडे थांबते. सगळ्या बायकांचे हात थांबले.

मग माय पायरीखाली बघत म्हणाली, "हाई मूठ उषानी शे. नवरानी नही, तिनी."

बाईच्या नावाची मूठ त्या घरात कधी पडली नव्हती. एक म्हातारी चुलती कुरकुरली, की असं चालत नाही. मायने तिच्याकडे पाहिलंही नाही, मूठ टाकली आणि वर सव्वाचा हिस्साही टाकला. आबा उठून पायरीपर्यंत आले. डबा उचलून कपाळाला लावला आणि अक्काला म्हणाले, "घरमा ये." अक्का आत गेली. मी बाहेरच बसले. रोट मला चालणार नव्हता, आणि शेजारणीने दिलेली भाकरी मी रडत रडत खाल्ली. तुकडे दुसऱ्या दिवशी तापीत सोडले.

धुळ्याला परतल्यावर त्याच आठवड्यात माझा फोन वाजला. दाजी होते. बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली देव जाणे. मला वाटलं, सख्ख्या आईने नावाची मूठ थांबवली, माणूस हादरला असेल. आवाज खरंच कापत होता. क्षणभर मला त्यांची दया आली.

"शैला," ते म्हणाले, "तू तिथे होतीस ना? मायने मूठ थांबवली तेव्हा हात गव्हातच होता की वर काढला होता? आणि नेमकं काय म्हणाली ती? तिच्याच शब्दांत. परत एकदा म्हण ना."

अक्का ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. विळी बाजूला सारून तिने हात धुतले, माझ्याकडून फोन घेतला आणि तसाच चालू ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ठेवला. मग बटण दाबलं. भांड्यात काही नव्हतं.